शेवटी राउटरला हात घातला

आज घरातल्या वाय-फाय राउटरच्या सेटिंगमध्ये शिरलेच. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा राउटरचा पत्ता टाकला आणि लॉगिन झालं तेही मूळ पासवर्डनेच! इतके दिवस तो तसाच होता, या विचाराने धास्तावले. आधी तो बदलला. मग डब्ल्यूपीए३ ही वाय-फायच्या सुरक्षेची नवी पद्धत निवडली, पण जुना प्रिंटर जोडलाच जाईना, म्हणून आधीची डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र चालणारा पर्याय ठेवला.

खरा फरक पडला चॅनलने, म्हणजे वाय-फायचा सिग्नल ज्यावरून जातो त्या पट्ट्याने. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर १, ६ आणि ११ हे चॅनल एकमेकांत मिसळत नाहीत. आमचं वाय-फाय होतं ४ वर, म्हणजे दोन्हीकडून गोंगाट. ११ वर आणलं. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर नेला. भिंतीपलीकडे तो सिग्नल लवकर विरतो, पण त्याच खोलीत वेग सुरेख.

संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल एकदाही अडकला नाही. तिचा चेहरा इतका स्पष्ट दिसला, किती बरं वाटलं!