केटल

रविवार, रात्र

आज वजन करायचं होतं ते बॅगेचं. गुरुवारी सुट्टीला घरी जायचंय आणि बॅग उचलवेना, म्हणून समोरच्या खोलीतून काटा मागून आणला. बॅग त्यावर ठेवली की आकडा तिच्याखालीच झाकला जाई. रूममेटने युक्ती काढली : आधी बॅग हातात घेऊन उभी राहा, मग नुसती उभी राहा, आणि वजाबाकी कर. बॅग निघाली १३ किलो ८०० ग्रॅम. मी ५८ किलो ६००. प्रवेशाच्या वेळच्या तपासणीत मी ५४.५ होते. ही दुसरी वजाबाकी कुणी करायला सांगितली नव्हती, ती आपोआप झाली.

चार किलो शंभर ग्रॅम. सात महिन्यांत.

रूममेट म्हणाली, "अगं, रात्री जेवून आलीस आणि कपड्यांसकट उभी राहिलीस. एवढ्यानेच किलोभर फरक पडतो." तेही खरं आहे. शरीरात साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर, म्हणजे साठवणीतल्या साखरेबरोबर, साधारण तीन ग्रॅम पाणी अडकून राहतं, खारट खाल्लं की आणखी थोडं. एका दिवसाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. मी मान डोलावली. पण घड्याळाचा पट्टा मी मध्येच कधीतरी एक भोक सैल केलाय. कधी, ते आठवत नाही, आणि मला खटकलं ते हेच.

झोप येईना म्हणून शोधत बसले. अमेरिकेत कॉलेजच्या पहिल्या वर्षात वाढणाऱ्या वजनाला 'फ्रेशमन फिफ्टीन' म्हणतात, म्हणजे १५ पौंड, पावणेसात किलोच्या आसपास. आकडा घाबरवणारा आहे आणि बहुतेकांच्या बाबतीत खोटाही. अनेक अभ्यास एकत्र करून २०१५ मध्ये काढलेली सरासरी भरली जेमतेम १.३६ किलो. ज्यांचं वजन वाढलं (शंभरातले साधारण एकसष्ट जण), फक्त त्यांचीच सरासरी घेतली तर ३.४ किलो. म्हणजे मी त्यांच्याही थोडी पुढे. आणखी एक गंमत : त्याच वयाची जी मुलं कॉलेजात गेलीच नाहीत, त्यांचंही वजन जवळपास तेवढंच वाढतं, असं २०११ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. फरक अर्ध्या पौंडाचा. तेव्हा काही भाग वयाचाच, अजून अंग भरतंय म्हणायचं. सगळाच दोष मेसच्या माथी मारता येत नाही. वाईट वाटलं, कारण मी तेच करणार होते.

मग हिशेब मांडला. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. चार किलो शंभर भागिले दोनशे दहा दिवस केलं तर रोजच्या साधारण १५० कॅलरी जास्त. शरीर काही वाण्याच्या वहीसारखं चालत नाही, ठाऊक आहे. तरी त्या १५० कडे बघतच राहिले. शीतपेयाचा एक कॅन! मी राक्षसासारखी खातेय अशी जी आतून लाज वाटत होती, तिला काही अर्थच नव्हता. ही वाढ इतकी बारीक आहे की रोजच्या रोज दिसणारच नाही.

पण ते दीडशे आले कुठून? जुनी पानं चाळली. जेवणाबद्दल मी काहीच लिहिलेलं नाही, भांडणं, असाइनमेंट आणि घरची आठवण एवढंच. मात्र एक वाक्य दर दोन पानांआड येतं : 'रात्री सगळ्या आमच्या खोलीत जमलो.'

आमच्याच खोलीत का, तर केटल माझी आहे.

पहिल्या आठवड्यात मी कुणाशी बोलत नव्हते. एका रात्री पाणी उकळताना दार उघडं राहिलं आणि पलीकडचीने डोकावून विचारलं, "नूडल्स होतील का गं?" त्या रात्री चौघी होतो, महिन्याभरात आठ. साडेअकराला कॉरिडॉरमधून चपला फटफटत येतात, कुणाच्या हातात बिस्किटं, कुणाच्या हातात चिप्स. मला भूक असतेच असं नाही. पण आपण पाणी उकळायचं आणि स्वतः खायचं नाही, हे जमत नाही. घरी असा प्रश्नच यायचा नाही. आईने ओटा पुसला की दिवस संपायचा. त्यानंतर डबे उघडले तर आवाजानेच चोरी पकडली जायची. इथे ओटा पुसणारं कुणी नाही.

मंगळवार

खरं तर दिवसभर मी फारच कमी खाते, म्हणून इतके दिवस फसले. आठच्या लेक्चरसाठी पावणेआठला उठायचं, नाश्ता बुडवायचा, दुपारी दोन घास, आणि वर सगळ्यांना सांगायचं की मी काही खातच नाही. आज साडेसातला उठून दोन अंडी आणि ब्रेड खाल्ला. लेक्चरला पहिल्यांदाच घड्याळाकडे बघितलं नाही.

झोपेचंही तसंच. शिकागो विद्यापीठात २००४ मध्ये बारा तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं, भूक चाळवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं. बाराच जण, तेही सगळे मुलगे, त्यामुळे फार मोठा दावा करता येणार नाही. पण माझ्या पाच तासांच्या झोपेनंतर सकाळी अकराला काहीतरी गोड हवंच असं का वाटतं, याचं उत्तर तिथे दिसतं.

एकदा डाएट केलं होतं, तेही लिहून ठेवते. तिसऱ्या महिन्यात रात्रीचं जेवण बंद केलं. तीन दिवस स्वतःवर खूश होते. चौथ्या रात्री दिवा न लावता बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला. कॉरिडॉरच्या टोकाची एक मुलगी आधी आमच्यात यायची, नंतर मोजूनमापून खायला लागली, आता मेसमध्येही दिसत नाही. सगळ्या जणी म्हणतात, 'किती बारीक झाली ना!' आणि म्हणताना आवाजात हेवा असतो. मला तिच्याकडे बघून भीती वाटते. परीक्षेआधी तिच्या दारावर टकटक करायचं ठरवलं होतं, केलं नाही. चार किलोंपेक्षा ते जास्त टोचतंय.

आईचा फोन आला. "जेवलीस का?" "हो." "नीट?" या दुसऱ्या प्रश्नाला मी सात महिने 'हो गं' म्हणत आलेय.

बुधवार, रात्री १२:४०

केटल पलीकडच्या खोलीत देऊन टाकली. सुट्टीत मी नसणारच, तुम्हाला लागेल, असं सांगितलं. खरं कारण सांगायला लाज वाटली. ती गेल्यावर टेबलावर गोल डाग उरला, आणि मला वाटलं, आता आमच्याकडे कोण येणार?

साडेनऊला मी सगळ्यांना विचारलं होतं, मैदानाला दोन फेऱ्या मारायला येता का? आठपैकी दोघी आल्या. एक तर पूर्ण वेळ फोनवर होती. दुसरीने मात्र तिच्या घरातलं असं काही सांगितलं, जे नूडल्सच्या गर्दीत सात महिन्यांत कधी निघालं नव्हतं. दोनाच्या पाच फेऱ्या झाल्या.

मग आठ-दहा पानं वाचून, दात घासून आडवी झाले. दात घासले की खाण्याचा कंटाळा येतो, हा शोध माझा स्वतःचा.

अकरा चाळीसला भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला. केटलची शिट्टीही ऐकू आली. कूस बदलली. पुन्हा हशा पिकला, त्यात माझं नाव होतं. उठून गेले.

काही खाल्लं नाही असं लिहायचा मोह होतोय. दुसरीच्या वाटीतले दोन चमचे खाल्ले. कुणीतरी आणखी एक वाटी पुढे केली, ती नको म्हटली. कुणाला त्याचं काहीच वाटलं नाही, गप्पा तशाच चालू राहिल्या. साडेबाराला परत आले. काटा समोरच्या खोलीत सकाळी परत करायचाय.