झोपाळ्यावरचा दिवा

रविवार, रात्री

घरातले दिवे मोबाईलवरून लावता-मालवता यावेत, म्हणून त्यांना नावं द्यायचं काम आज उरकलं. वायरिंग आधीच झालं होतं, पण घर खऱ्या अर्थाने हाताशी आलं ते आज.

बहुतेक रिले बॉक्समध्ये, म्हणजे दिवा चालू-बंद करणाऱ्या डब्यांत, ईएसपी८२६६ ही वायफायची चिप आहे आणि तिच्यावर टास्मोटा हे सॉफ्टवेअर. नवा बॉक्स सुरू केला की आपलं नाव सांगतो ‘टास्मोटा’, पुढे मॅक पत्त्याची (चिपच्या स्वतःच्या क्रमांकाची) शेवटची सहा अक्षरं. या यादीत ओसरीचा दिवा कुठला नि माडीवरचा कुठला, काही पत्ता लागत नाही. आईने मोबाईलवर यादी पाहिली आणि सरळ उठून भिंतीवरचं बटण दाबलं. तिचं बरोबरच होतं.

म्हणून दुपारी वही घेऊन आई-आजीबरोबर घरभर फिरलो. आजी एकेका दिव्याखाली थांबून सांगत गेली. “हा झोपाळ्यावरचा. तो जिन्यातला. आणि परसदारचा आधी कर रे, मला रात्री तोच लागतो.” तिचे गुडघे धरतात. खाटेवर बसल्या बसल्या तिला परसदारचा दिवा लावता यावा, यासाठी तर हा सगळा खटाटोप. मग स्क्रीनवर ‘लाइट ४’ असं काहीतरी ठेवून कसं चालेल?

मात्र प्रत्येक दिव्याला दोन नावं लागतात, आणि ती वेगळी ठेवण्यातच शहाणपण आहे. एक आतलं: टास्मोटात एमक्यूटीटीचा (उपकरणांनी एकमेकांना निरोप धाडायच्या पद्धतीचा) टॉपिक, म्हणजे निरोपाचा पत्ता; आणि होम असिस्टंटमध्ये, म्हणजे सगळे दिवे एकत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एंटिटी आयडी, म्हणजे त्या दिव्याची खूण. दिवे आपोआप चालवणारं ऑटोमेशन यांच्यावर उभं असतं, त्यामुळे ती एकदा ठरली की हलवायची नाहीत. मी ती इंग्रजी लहान अक्षरांत, आटोपशीर ठेवली. पडवीतली एलईडी पट्टी ईएसपीहोम या टास्मोटासारख्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरवर आहे, तिथे तर लहान अक्षरं, आकडे आणि जोडरेघ, तेही ३१ अक्षरांच्या आत, एवढीच मुभा. दुसरं नाव माणसांसाठी. ते हवं तेव्हा बदला, काही बिघडत नाही.

होम असिस्टंटमध्ये हे दुसरं नाव देवनागरीत छान दिसतं. पण नव्या दिव्याचा आयडी त्याच नावावरून आपोआप बनू दिला, तर मधले ‘अ’ गळतात आणि ‘देवघर’चं डी-ई-व्ही-जी-एच-आर होतं. त्यामुळे आयडी आधी हाताने लिहिला, मग वर ‘देवघर’.

आईने एक वेगळीच मागणी केली. रात्री सगळं आवरल्यावर जिना सोडून बाकीचे दिवे एकदम मालवायचे. त्या बटणाचं नाव तिनेच दिलं, ‘निजानीज’. मला फार आवडलं.

संध्याकाळी लाइट गेली आणि अर्ध्या तासाने आली. राउटरने काही बॉक्सना नवे आयपी (नेटवर्कवरचे) पत्ते दिले, तरी सगळे आपापल्या टॉपिकवर परत हजर झाले. आजीने टॅब हातात घेऊन परसदारचा दिवा लावला, मालवला, पुन्हा लावला.

मी पुण्याला गेल्यावर काही बिघडलं तर वायरमनच बघणार, म्हणून बॉक्सच्या झाकणांवर मार्करने हीच नावं लिहिली आहेत. मेन बोर्डावरच्या एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारे खटके) राहिल्यात, त्या उद्या सकाळी.