नंदाखाल : आजी, रोझरी आणि पंप

वसईला जाऊन किल्ल्याबद्दल लिहिलं नाही तर लोक विचारतात, म्हणून आधी तेवढं उरकते. किल्ला मोठा आहे, पडका आहे, 1739 साली चिमाजी अप्पांनी तो पोर्तुगिजांकडून घेतला आणि हल्ली शनिवार-रविवारी तो लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्यांच्या ताब्यात असतो. एका पडक्या चर्चच्या कमानीखाली उभं राहायला चक्क रांग होती. धुराच्या कांड्या, गुलाबी फुगे, ‘सर, जरा मॅडमकडे बघा’. मी तिथून लवकरच काढता पाय घेतला.

मुळात मी आले होते ते वसई तालुक्यातल्या नंदाखालला. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या आजीला नव्वद पूर्ण झाली होती. रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्साबलिदान, म्हणजे ख्रिस्ती लोकांची मुख्य उपासना, आणि नंतर वाडीत जेवण. परदेशातल्या नातवंडांना मार्च सोयीचा होता, पण आजीने उपवासकाळ, म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवस, लागायच्या आधी काय ते करा म्हणून सांगितलं आणि विषय संपला. छापील पत्रिकेवर आजीचा फोटो आणि खाली तीन विशेषणं होती : भाविक, सोशिक, कष्टाळू. हे लक्षात ठेवा, पुढे या मधल्या विशेषणावर माझं डोकं फिरणार आहे.

नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला बाहेर पडलं की इमारती संपता संपत नाहीत. रिक्षा खड्ड्यांतून उडत असते, मागून टँकर भोंगा वाजवत असतो, आणि आपण हिरवी वसई म्हणून जे ऐकलं ते कुठे गेलं असा प्रश्न पडायच्या सुमाराला एकदम केळी सुरू होतात. मग नारळ, मग कुंपणावर जास्वंद, रस्त्याच्या वळणावर क्रूस आणि क्रूसाला ताजा हार. ओमराळे, नाळे, गास, निर्मळ हा सगळा पट्टा सामवेदी ख्रिस्ती शेतकऱ्यांचा, म्हणजे कुपारी समाजाचा. नंदाखालच्या पवित्र आत्म्याच्या चर्चची स्थापना 1573 सालची. घरात आपापसात कादोडी बोली चालते. मला त्यातलं अर्धं कळतं आणि उरलेल्या अर्ध्यावर मी हसून मान डोलावते.

आजी ओट्यावर बसली होती. लाल लुगडं, कानात जड सोनं, पुढ्यात जास्वंदीच्या कळ्यांचा ढीग. कळ्या मोजून केळीच्या पानात बांधणं चाललं होतं. मला वाटलं, उद्या एवढा सोहळा आहे, तर आज तरी हिला कुणी बसू द्यावं. तसं बोलूनही दाखवलं.

‘‘अगं बाय, जास्वंद काय माझा वाढदिवस बघून फुलायची थांबणार?’’

माघी गणपती तोंडावर आला होता. दादरच्या फूलबाजारात जास्वंदीला कधी भाव येतो हे आजीला तोंडपाठ आहे : मंगळवार, संकष्टी, अंगारकी, माघी. दसऱ्याला झेंडू. घरात भिंतीवर पॅरिशचं कॅलेंडर आणि त्याच्या शेजारी कालनिर्णय. एकावर सणांच्या आणि उपासाच्या खुणा, दुसऱ्यावर भावाच्या. विरारपर्यंत विजेची लोकल 1936 साली आली, आजीच्या जन्माच्या आगेमागेच. लग्न झाल्यावर अनेक वर्षं आजी त्याच लोकलने, अंधारात, फुलांची टोपली घेऊन दादरला जात होती. मुंबईतले किती गणपती तिच्या जास्वंदीने सजले असतील. हे मी भारावून म्हटलं, तर ती म्हणाली, ‘‘पैसे रोख द्यायचे. उधारी नव्हती.’’

तिचं माहेर जवळच्याच गावचं. घरात रहाट होता. हेला, म्हणजे रेडा, गोल फिरायचा, चाकाची मडकी विहिरीतून पाणी वर आणायची आणि पाटाने ते केळीला जायचं. हेला थांबला की पाणी थांबलं, म्हणून त्याच्या मागे एक पोर लागायचं. ते पोर म्हणजे ही. हातात काठी आणि तोंडात रोझरी, म्हणजे मण्यांच्या माळेवरचा जप. एक माळ पुरी झाली की एक वाफा भिजलेला असायचा, मग बापाला हाक मारायची. घरात घड्याळ नव्हतंच.

तेव्हाचे उपासही कडक. सकाळी ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, घ्यायचा तर मध्यरात्रीपासून पोटात काही जाता कामा नये, पाण्याचा घोटसुद्धा. पाण्याची मुभा 1953 साली मिळाली, पुढे 1957 मध्ये उपास तीन तासांवर आला आणि 1964 मध्ये एका तासावर. म्हणजे ही मुलगी उन्हाळ्यात पहाटे उठून केळीला पाणी पाजायची, स्वतः थेंबही न पिता चर्चला चालत जायची आणि घरी येऊन मग पेज प्यायची. मी ‘बापरे’ म्हटलं. त्यावर तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, ‘‘तुमच्यात निर्जळी एकादशी असते ना?’’

मिस्सासुद्धा तेव्हा लॅटिनमध्ये. व्हॅटिकनची दुसरी परिषद 1962 ते 1965 या काळात भरली, त्यानंतर उपासना लोकांच्या भाषेत आली. तोवर आजीला चार-पाच मुलं झालेली. चौथीपर्यंत शाळा, पण लॅटिन उत्तरं कानाने पाठ. ‘‘दोमिनुस वोबिस्कुम,’’ ती म्हणाली, आणि स्वतःच उत्तर दिलं, ‘‘एत कुम स्पिरितु तुओ.’’ म्हणजे ‘प्रभू तुमच्यासोबत असो’ आणि ‘तुझ्या आत्म्यासोबतही’. मराठी आल्यावर कसं वाटलं, हा माझा पुढचा प्रश्न.

‘‘फादर इतकी वर्षं काय म्हणत होते ते कळलं.’’

‘‘आणि?’’

‘‘आणि काय? मला वाटत होतं तेच म्हणत होते.’’

संध्याकाळी सात वाजता टीव्ही बंद झाला. कुणी सांगितलं नाही, तो आपोआप बंद होतो. आल्तारापुढे, म्हणजे घरातल्या वेदीपुढे, मेणबत्ती लागली, घरचे सगळे जमिनीवर, गुडघे दुखणारे खुर्चीवर. एक फोन कॅनडाला लावून फडताळाला टेकवला, दुसरा दुबईला. मागे स्वयंपाकघरातून बोंबील तळल्याचा वास येत होता आणि मी दुपारी किल्ल्याजवळ एक भिकार सँडविच खाऊन आले होते, तेव्हा माझ्या भक्तीबद्दल फार अपेक्षा ठेवू नका.

आजीने क्रूसाची खूण केली आणि सुरू केलं. शनिवार, म्हणून आनंदाची रहस्यं, म्हणजे येशूच्या जन्माच्या नि बालपणाच्या पाच प्रसंगांवरचा जप. आवाज बारीक पण सरळ, अडखळत नाही. ती अर्धी प्रार्थना म्हणते, बाकीचे उरलेली अर्धी, आणि ते इतक्या वेगाने की मला वाक्य कुठे तुटतं तेच समजेना. पहिलं रहस्य झालं. दुसऱ्याच्या मध्यावर तिचा सूर तसाच ठेवून, डोळे मिटलेलेच, तिने म्हटलं, ‘‘पंप बंद कर रे, बावखल आटवशील,’’ आणि पुढच्या मण्यावर गेली. मागच्या रांगेतला पन्नाशीचा मुलगा उठून बाहेर पळाला. तिसऱ्या रहस्यात कॅनडाला, ‘‘तोंड दाखव, छत नको.’’ तिकडे सकाळ होती, फोनवर एक झोपाळू चेहरा आला. चौथ्यात, मणी सरकवताना, स्वयंपाकघराकडे, ‘‘जळलं.’’ खरंच जळलं होतं.

कुणीही हसलं नाही, कुणाला त्यात विशेष काही वाटलं नाही. मी मात्र ओठ चावत बसले होते. प्रार्थना संपल्यावर थोरामोठ्यांनी ओळीने येऊन आशीर्वाद मागितला. ती प्रत्येकाच्या कपाळावर क्रूस काढी आणि त्याच दमात उद्याचं काम सांगे : तू खुर्च्या मोज, तू फादरना आणायला जा, तू कमी बोल. माझ्याही कपाळावर काढला. मला काम मिळालं कळ्या टोपलीत रचायचं.

बावखल म्हणजे वाडीतलं तळं, पावसाचं पाणी साठवायला खणलेलं. या भागात प्रत्येक वाडीला असायचं. रहाट जाऊन पंप आले, विहिरी प्रमाणाबाहेर उपसल्या गेल्या आणि समुद्र जवळ असल्यामुळे खारं पाणी आत सरकू लागलं. बावखलातलं पाणी जमिनीत मुरलं तर ते थोपतं. पण जमिनीचे भाव चढले तशी बावखलं बुजवली गेली. या घरातही तो विषय निघून गेलाय. जेवणाच्या मांडवाला सपाट जागा हवी, तेव्हा एका बाजूने भराव घालू, असं मंडपवाला सुचवून बसला. आजीने त्याला विचारलं, ‘‘देव पाऊस देतो, तो ठेवायला भांडं नको?’’ मांडव पलीकडच्या कोपऱ्यात गेला आणि सगळ्या पाहुण्यांना चिखलातून वळसा पडला. रात्री त्या बावखलाच्या डासांनी मला फोडून काढलं, हेही नमूद करते. पर्यावरणावर प्रेम करणं शहरात सोपं जातं.

रविवारचं फार सांगत नाही. चर्च भरलेलं, गाणी सुंदर, मराठी गायनमंडळ ऐकायला तरी एकदा जाच. मांडवात बँड असा की शेजारच्याशी बोलायला मोबाइलवर लिहून दाखवावं लागत होतं. मग भाषणं. बाहेरगावाहून आलेल्या एका पाहुण्यांनी आजीला कधी आवाज चढवलेलं कुणी ऐकलं नाही, ती सगळं मुकाट सोसत आली, असं बरंच सांगितलं. मला इतका राग आला. आदल्या संध्याकाळी या बाईने दोन खंडांतल्या माणसांना मणी न चुकवता कामाला लावलेलं मी बघितलं होतं. आवाज चढवायची तिला गरज काय? नव्वद वर्षांच्या बाईचं कौतुक करायचं तर तिने काय चालवलं ते सांगा ना. किती एकर, किती विहिरी, कुणाची फी, कुणाचं लग्न. आपल्याकडे म्हातारीचा सत्कार म्हटला की पहिल्यांदा तिच्या हातातली सत्ता काढून घेतात आणि त्या जागी शाल देतात. शाल तिने घेतली. चांगली होती, मोठ्या सुनेला दिली.

निघताना मला सुकेळी हवी होती. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, रोज संध्याकाळी आत घ्यायची, सकाळी पुन्हा पसरायची, आणि शेवटी सुक्या पानात बांधायची. ही घरची होती. आजीने पुडकं दिलं आणि भाव सांगितला. आगाशीच्या दुकानापेक्षा वीस रुपये जास्त! मैत्रीण लाजेने लाल झाली, ‘‘अगं आजी, पाहुणी आहे ती.’’

‘‘पाहुणी जेवली ना? जेवणाचे घेतले काय? आणि दुकानवाला उन्हात उभा राहतो काय?’’

मी पाचशेची नोट दिली. तिने कमरेची पिशवी सोडली, सुटे मोजले, माझ्या हातावर ठेवले, आणि मला परत मोजायला लावले.