बूथवर आपलं कोण होतं?

साताऱ्यात एका पक्षाच्या जिल्हा कार्यालयात मी चिटणीस आहे. बैठकांची पत्रं काढायची, इतिवृत्त लिहायचं, फायली सांभाळायच्या, हे माझं काम. 23 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचा निकाल लागला आणि त्याच आठवड्यात चिंतन बैठक लागली. जिल्ह्यातल्या आठच्या आठ जागा महायुतीकडे गेल्या होत्या. यशवंतरावांच्या कराडात दक्षिणही गेलं, उत्तरही गेलं. राज्यात 288 पैकी आमच्या महाविकास आघाडीच्या तिन्ही मोठ्या पक्षांना मिळून 46.

सुरुवातीला सगळे मतदानाच्या मशीनवरच घसरले. सर्वोच्च न्यायालयाच्या 26 एप्रिल 2024 च्या निकालाप्रमाणे दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला मतदारसंघातल्या पाच टक्के यंत्रांची तपासणी मागता येते. पण अर्ज सात दिवसांत द्यावा लागतो, खर्चही आधी भरावा लागतो. त्यामुळे घाई होती, आवाजही चढले होते.

तेवढ्यात खटावकडचे एक जुने कार्यकर्ते उठले. "आवो, तपासणी मागा की, कोण नको म्हणतंय? पण आधी सतरा-सी आणा."

सतरा-सी म्हणजे मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष सही करून बूथवर बसलेल्या उमेदवाराच्या मतदान प्रतिनिधीला देतो तो हिशेबाचा कागद. त्या यंत्रात किती मतं नोंदली गेली ते त्यावर असतं. मोजणीच्या टेबलावर तोच आकडा जुळवायचा असतो. तो हातात नसेल तर शंका नुसती तोंडाची राहते.

मी कपाटातून फाईल काढली आणि तालुकावार वाचायला लागलो. कितीतरी बूथचे कागद आलेलेच नव्हते. काहींचे फक्त मोबाईलवरचे फोटो होते. एकात अंगठा नेमका आकड्यावर आलेला. जे कागद होते ते मोजणीच्या आकड्यांशी मी आधीच जुळवले होते, फरक निघाला नव्हता. एका बूथचं नाव घेतलं तर तालुकाध्यक्ष म्हणाले, "तो पोरगा दुपारनंतर बसलाच नाही." दुसऱ्या बूथवर ज्याचं नाव होतं तो गडी दिवाळीआधीच नेत्यामागं समोरच्या गोटात गेलेला. आमच्या यादीत मात्र तो अजून आमचाच!

जावळीच्या एक ताई मागे बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "लाडक्या बहिणीचे फॉर्म भरताना बाया आमच्याकडं आल्या, तेव्हा आपलीच माणसं म्हणाली, हे निवडणुकीपुरतं हाय. त्यांच्या खात्यावर दीड हजार आले. आपण तीन हजार देणार म्हणून सांगत फिरलो. बाई कुणावर विश्वास ठेवंल?" कुणी उत्तर दिलं नाही.

मग खरा वाद पेटला. एका गटाचं म्हणणं, सत्तेशी जुळवून घ्या, नाहीतर कारखाना आणि सोसायट्या चालणार नाहीत, ऊस घालणाऱ्याला काय सांगायचं? ही भीती खोटी नाही, मी ती घराघरांत पाहिली आहे. पण कोरेगावचा एक तरुण ताडकन म्हणाला, "मग पक्ष कशाला? कारखान्याचीच बैठक घ्या." मला तो पटला. आपल्याकडे कारखाना, बँक, दूध संघ हेच वर्षानुवर्षं संघटनेचं काम करत आले. नेत्याचा फोन गेला की गाड्या निघायच्या. नेता गेला की गाड्याही त्याच्याबरोबर गेल्या आणि बूथ कमिटी कागदावर उरली. विरोधात बसायचं असेल तर ऊसदर, पीकविमा, रेशन यासाठी तहसील कचेरीत रोज उभा राहणारा माणूस लागतो. तो कारखान्याच्या पगारावरचा असून चालत नाही.

यंत्रांच्या तपासणीचा निर्णय उमेदवारांवर सोडला. ठराव लिहिताना अध्यक्ष म्हणाले, "सतरा-सीचं राहू दे, बाहेर गेलं तर शोभा होईल." मी म्हटलं, "साहेब, हेच राहिलं तर बैठक कशाला घेतली?" ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "घे लिहून."

जिल्हा परिषदेच्या आधी प्रत्येक तालुक्यानं बूथची यादी नव्यानं करायची आणि यादीतल्या प्रत्येकाला कार्यालयातून फोन लावून विचारायचं, असा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खटावपासून फोन लावायला घेतले.