गोळी किती दिवस?

पोराची व्यसन सोडवायची गोळी अजून किती दिवस, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी लग्नात, खताच्या रांगेत हा प्रश्न आला की मी हसून विषय बदलतो. "भाऊ, पोट्ट्याची एक गोळी सोडवाले दुसरी सुरू केली. मंग सुटलं काय?"

पोरगा तेव्हा एकोणीसचा. मोटरसायकलवरून पडला, खांद्यासाठी ट्रामाडोलच्या, म्हणजे अफूच्या जातीच्या वेदनाशामक कॅप्सूल मिळाल्या. खांदा बरा झाला, कॅप्सूल काही सुटल्या नाहीत. 2018 पासून हे औषध एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात आहे, चिठ्ठीशिवाय मिळायला नको. मिळत होतं.

आम्हाला पत्ता लागला तो ऐन वेचणीत, त्याला बांधावर फिट आली तेव्हा. कोणी कांदा हुंगवला, कोणी चप्पल. मिरगी समजून दोन ठिकाणी फिरलो. मग कुटाराच्या ढिगात रिकाम्या पट्ट्या सापडल्या. ट्रामाडोल जास्त झालं की फिट येते, हे फार उशिरा कळलं.

मी काय केलं? गुरांच्या कोठ्यात कोंडलं त्याला. चार दिवस जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, हगवण, रात्रभर पाय झाडणं. पाचव्या दिवशी वाटलं, जिंकलो. तीन आठवड्यांत पुन्हा सुरू. यवतमाळच्या डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, अशा वेळी शरीराची सवय मोडलेली असते, आणि पोरगं जुन्याच हिशोबानं घेतं. जीव जातो तो तेव्हा. माझे हात गार पडले.

त्यांनी ब्युप्रेनॉर्फिन आणि नॅलोक्सोनची गोळी सुरू केली. पहिल्या दिवशी मुद्दाम अंगमोड सुरू झाल्यावरच या म्हणाल्या, नाहीतर त्रास एकदम उसळतो. एसटीत तो काटा आलेल्या हातांनी पुढची सीट धरून बसला होता. ही गोळी मेंदूत ट्रामाडोलच्याच जागी बसते, पण अर्धवट. तलफ जाते, आणि एका मात्रेपुढं नशा चढत नाही. माणूस कामाला लागतो.

ती गिळायची नाही, जिभेखाली धरायची. डब्याची किल्ली त्याच्या आईच्या कमरेला. सकाळी ती त्याच्यासमोर तांदूळ निवडत बसते, गोळी विरघळेपर्यंत. तेवढी दहा मिनिटं त्याला बोलता येत नाही, म्हणून मलाही भांडता येत नाही. आमच्या घरातली सगळ्यात शांत वेळ! समुपदेशकांनी तर त्याच्यापेक्षा माझीच शाळा जास्त घेतली: खिसे तपासू नका, पाहुण्यांसमोर टोमणे मारू नका. दुसरं अजून पूर्ण जमलेलं नाही.

दीड वर्ष झालं. पोळ्याला मीच म्हटलं, आता बंद करू. बाईंनी विचारलं, "घाई कोणाला आहे, तुम्हाला की त्याला?" तो खाली मान घालून म्हणाला, "बाबा, मले अजून भेव वाटते."

म्हणून सुरू आहे. उद्या गोळ्या आणायला जायचंय. पऱ्हाटीची फवारणी तो करतो म्हणाला, म्हणून मी एकटाच जाणार आणि त्याची आई घरी थांबणार होती. पण बाईंना त्यालाच पाहायचंय. तेव्हा फवारणी माझ्याकडे, आणि सातच्या एसटीनं ते दोघं.