एकच डोळा का रडतो

डोळ्यात ड्रॉप टाकला की दोन मिनिटांत घशात कडू लागतं, हे सगळ्यांना माहीत असतं पण त्याचं कुणाला काही वाटत नाही. औषध डोळ्यात टाकलं तर चव घशात कशी आली हा प्रश्न निदान एकदा तरी पडायला पाहिजे की नाही? तसंच रडताना नाक का गळतं. कुणी रडायला लागलं की पहिले नाक ओढतं, मग पदर नाहीतर रुमाल, आणि आपण म्हणतो बिचाऱ्याला सर्दी झाली रडून रडून. सर्दी बिर्दी काही नसते, डोळ्यातलंच पाणी नाकात उतरलेलं असतं.

आरशासमोर उभं राहा आणि खालची पापणी नाकाकडच्या कोपऱ्यात बोटानं जराशी बाहेर ओढा. पापणीच्या काठावर एक बारीकसा उंचवटा दिसेल आणि त्याच्या टोकाला सुईनं टोचल्यासारखं भोक. जेमतेम पाव-अर्धा मिलिमीटर. वरच्या पापणीलाही तसंच एक असतं. इतकी वर्षं रोज आरशात तोंड बघून हे भोक दिसलेलं नसतं आणि एकदा दिसलं की मग घरातल्या प्रत्येकाची पापणी ओढून बघावीशी वाटते, हे मी अनुभवावरून सांगतेय. ह्या भोकांतून बारीक नळ्या आत जातात, त्या नाकाच्या मुळाशी एका छोट्या पिशवीत उघडतात, त्या पिशवीला अश्रूपिशवी म्हणतात, आणि तिथून हाडातून खाली एक नळी थेट नाकात. भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली जी ग्रंथी आहे तिथं पाणी तयार होतं, डोळ्यावरून पसरत कोपऱ्यात येतं आणि इथून खाली जातं. आणि ते आपोआप उतरत नाही बरं का, पापणी मिटली-उघडली की त्या नळ्या-पिशवी दाबल्या जातात आणि सुटतात, त्या पंपानं पाणी आत ओढलं जातं. मिनिटाला साधारण एक-दोन मायक्रोलिटर पाणी तयार होतं, म्हणजे दिवसभराचं धरलं तर छोटा चमचासुद्धा भरत नाही. तेवढ्यासाठी एवढी सगळी यंत्रणा!

पण डोळ्यातून पाणी वाहतंय म्हटलं की आपण फक्त पाणी कुठून येतंय ते बघतो. दुःख आहे का, कांदा चिरला का, खळ्यावर धूळ उडाली का, मोबाईल जास्त बघितला का. मराठवाड्यातल्या माणसाचं हे असंच होणार म्हणा. पावसाळा लागला की जायकवाडी किती टक्के झालं, नळ किती दिवसाआड, टँकर आला का, आणि 2016 ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते तर आम्ही अजून पाव्हण्यांना सांगत असतो. पाणी येण्याचा सगळा हिशेब तोंडपाठ, पण जातं कुठं हे गल्लीतली नाली तुंबून उंबऱ्याला लागेपर्यंत कुणी विचारत नाही. डोळ्याचंही बऱ्याच वेळा तेच असतं. पाणी काही जास्तीचं तयार होत नसतं, जायची वाट बंद झालेली असते.

माझी बहीण बाळंतपणाला माहेरी आली होती तेव्हा लेकराचा एक डोळा सारखा चिकटायचा. सकाळी उठलं की पापण्या चिपडांनी बंद, कोमट पाण्याच्या कापसानं पुसून उघडाव्या लागायच्या, आणि दिवसभर डोळा पाण्यानं डबडबलेला. मग काय, शेजारपाजारचं डॉक्टर मंडळ बसलं. एकीचं म्हणणं अंगावरचं दूध पिळा डोळ्यात, दुसरी म्हणे एरंडेलाच्या दिव्याचं काजळ घाला, डोळे मोठे बी होतात, तिसरीनं तर ठरवूनच टाकलं की डोळे आलेत आणि दृष्ट काढा. पण डोळा लाल अजिबात नव्हता. मुलांच्या डॉक्टरनं बघितल्या बघितल्या सांगितलं की नाकात उतरणाऱ्या नळीच्या खालच्या तोंडावर जन्मताना एक पातळ पडदा राहून जातो, बऱ्याच लेकरांचा राहतो, आपोआप उघडतो. दूध नको, काजळ तर अजिबात नको. फक्त मालिश. ती दाखवलीपण हाताला धरून. नखं कापायची, हात धुवायचे, करंगळी नाहीतर पहिलं बोट डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात नाकाला लागून ठेवायचं आणि दाबत खाली नाकपुडीकडं आणायचं. नुसतं गोंजारायचं नाही, दाब पाहिजे, म्हणजे आतलं पाणी खाली ढकललं जाऊन त्या पडद्यावर जोर येतो. दर पाजण्याच्या वेळेला थोडं थोडं. दहातल्या नऊ लेकरांचं वर्षाच्या आत मोकळं होतं, नाही झालं तर बारीक तार घालून उघडतात. एक गोष्ट मात्र त्यांनी दोनदा सांगितली की डोळा मोठा दिसतोय, बुबुळ धुरकट आहे, उजेड सहन होत नाही असं असेल तर मालिश करत बसू नका, ते वेगळं दुखणं असू शकतं, लगेच दाखवा. आमचं लेकरू पालथं पडायला लागलं तोवर त्याचा डोळा कोरडा झालेला होता आणि शेजारणीनं त्याचं श्रेय दृष्टीला दिलं.

मोठ्या माणसांचं एवढं सोपं नसतं. म्हणजे काहींचा डोळा उलट कोरडा पडलेला असतो म्हणून वाहतो, ऐकायला येडपटासारखं वाटतं पण डोळा सुकला, टोचला की ग्रंथी एकदम पाणी सोडते. काही म्हाताऱ्या माणसांची खालची पापणी सैल पडून बाहेर लोंबते, मग ते भोक डोळ्याला चिकटूनच राहत नाही, पाणी गालावरून. आमच्या आत्याची मात्र सरळ सरळ नळीच बंद होती आणि हे चाळिशी-पन्नाशीनंतर बायकांत जास्त दिसतं. तिचा फक्त डावा डोळा वाहायचा. लग्नात, बारशात, मोंढ्यात सोयाबीन घालायला गेली तरी पदराच्या टोकानं एकच बाजू पुसत बसायची, समोरचा माणूस आवाज खाली करून ‘घरी सगळं बरं हाय ना’ विचारायचा, आणि एका सोयरिकीच्या बैठकीत तर पोराकडच्यांना वाटलं ह्या बाईला स्थळच पसंत नाही. रडणारं माणूस दोन्ही डोळ्यांनी रडतं हे एकाच्याही डोक्यात येऊ नये?

शेवटी सापडलं ते मोतीबिंदूमुळं. ऑपरेशनच्या आधी डोळ्याची नळी तपासतात, पापणीच्या त्या भोकात बोथट सुई घालून सलाईनचं पाणी सोडतात आणि विचारतात, ‘मावशी, घशात खारट लागलं का?’ आत्याच्या आधी नंबर असलेली एक आजी खारट बिरट काही न बघता सगळ्यालाच ‘व्हय व्हय’ म्हणत होती, सुई लवकर काढावी म्हणून. आत्या मात्र खरं बोलली. ‘घशात काय न्हाई साहेब, सगळं गालावरच येऊलालंय.’ डॉक्टरांनी कोपऱ्यात पिशवीवर बोट दाबलं तर भोकातून पिवळसर घाण वर आली. झालं, मोतीबिंदू पुढं ढकलला, कारण ती घाण ऑपरेशन केलेल्या डोळ्यात गेली तर डोळाच जातो. आत्या चिडली. ‘दिसायचं बगायला आले आन् ह्यांनी नाकात हात घातला.’ पण बरं झालं, कारण अशी तुंबलेली पिशवी कधीतरी पिकते, नाकाशेजारी लालभडक गाठ येते, ताप येतो, आणि मग घरगुती शेक देत आणि फोडायला बघत माणसं दुखणं वाढवून ठेवतात.

इलाज म्हणजे बंद नळी उघडत बसायचंच नाही, पिशवी आणि नाक यांच्या मधल्या पातळ हाडाला खिडकी पाडून नवी वाट करायची. इटलीच्या टोटी नावाच्या डॉक्टरनं 1904 मध्ये हे ऑपरेशन मांडलं, आता ते नाकाच्या बाजूला छोटा छेद घेऊन करतात नाहीतर दुर्बीण घालून नाकातूनच. आत्यानं दुर्बिणीचं निवडलं, तोंडावर व्रण नको म्हणून. साठीच्या पुढं. काही दिवस नाक जोरात शिंकरायचं नाही असं बजावलं होतं, तेवढं तिनं पाळलं. नंतर मोतीबिंदूही निघाला. आता नाक शिंकरलं की नव्या वाटेनं वारं वर चढतं आणि डोळ्याच्या कोपऱ्यात फुस्स करतं, काही जणांचं असं होतं, काळजीचं नसतं. पण आत्याला त्याचं भारी कौतुक, घरी आलेल्या प्रत्येक लेकराला बोलावून करून दाखवते.