सहावी ट्यूब

सदाशिव पेठेत मेडिकलवर काम करतो, डी. फार्म करून नऊ वर्षं झाली. पावसाळ्यात आमच्याकडं सर्दी-खोकल्याच्या बरोबरीनं खाजेची मलमं खपतात, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर हसतो. पण पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोल्या बघितल्यात का कधी? एका खोलीत पाच एमपीएससीवाले, खिडकी उघडते ती बोळात, जीन्स तीन-तीन दिवस वाळत नाही, मग तशीच ओलसर चढवायची आणि अभ्यासिकेत बारा तास बूड हलवायचं नाही. जांघेत नायटा नाही होणार तर काय होणार.

तर हा पोरगा बीडकडचा, पीएसआयची तयारी करणारा. अडीच महिन्यांत पाच वेळा येऊन गेलेला. चिठ्ठी वगैरे काही नाही, "दादा, ती निळ्या झाकणाची द्या," एवढंच. आणि मी देत होतो, खोटं कशाला बोलू. शेड्यूल एच म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांची यादी, तिच्यात पूर्वी लावायच्या औषधांना सूट होती, 2018 ला स्टेरॉइडवाल्या मलमांची ती सूट काढली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचंच नाही, हे मला पाठ आहे. पण मालक म्हणतो आपण नाही दिलं तर पुढचा देतोच, आणि खरंच देतो.

त्या दिवशी सकाळी आला तो सहावी मागायला. "दादा, याच्यापेक्षा पॉवरची आहे का? आता लावली की दोन तास बरं वाटतं, परत सुरू."

काय वाटलं कोण जाणे, म्हटलं आत ये, दाखव. ग्राउंडवरून थेट आलेला, शॉर्टवरच होता. शॉर्ट वर सरकवली आणि मी गपच झालो. जांघेपासून अर्ध्या मांडीपर्यंत जांभळट लाल रेघा, बाळंतिणीच्या पोटावर येतात तशा, बोटाला खळगा लागेल इतक्या रुंद. कातडी सिगारेटच्या कागदासारखी पातळ. आणि नायटा? तो पार कमरेपर्यंत चढलेला, चकंदळात चकंदळ, कडा कुठं आहे कुठं नाही, ओळखू येऊ नये असा.

"हे वजन कमी झाल्यानं झालं ना?" तो म्हणाला.

म्हटलं नाही रे बाबा, ट्यूबनं झालंय. त्या ट्यूबमध्ये बुरशीचं औषध असतं, जंतूंचं असतं आणि क्लोबेटासोल असतं, म्हणजे लावायच्या स्टेरॉइडमधलं सगळ्यात जहाल. खाज मरते ती त्याच्यामुळं. सूज दबते, लाली जाते, पण त्या जागेची बुरशीशी लढायची ताकदही दबते, मग बुरशी आरामात पसरते. त्यात जांघेची कातडी मुळात पातळ, घड्या पडलेल्या, तिथं औषध जास्तच मुरतं.

स्टेरॉइड वाईट असतं असं मी म्हणणार नाही. आईच्या हाताला भांड्यांच्या साबणानं एक्झिमा झाला होता, तिला स्किनच्या डॉक्टरांनी स्टेरॉइडच दिलं आणि दहा दिवसांत भेगा भरल्या. पण त्यांनी मोजून दिलं. तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी रेघ काढायची, साधारण अर्धा ग्रॅम, तेवढी दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. आणि थांबायचं कधी तेही लिहून दिलेलं. हा पठ्ठ्या दिवसातून तीन वेळा, टूथपेस्टसारखं लावत होता. त्याला कुणी सांगितलंच नाही, मी पण नाही.

ट्यूब दिली नाही, ससूनला स्किनच्या ओपीडीत जा म्हटलं. तोंड वाकडं करून गेला. पण गेला. तिथं चट्ट्याची कड खरवडून काचेवर घेतली, पोटॅशचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली बघितलं, बुरशीचे धागे निघाले. बुरशीवरच्या इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल, स्टेरॉइड नसलेलं साधं अँटिफंगल मलम, रात्रीची खाजेची गोळी, आणि जुनी ट्यूब बंद.

खरी मजा पुढंच. चौथ्या दिवशी रात्री साडेदहाला, शटर अर्धं खाली, हा डोळे लाल करून उभा. स्टेरॉइड तोडलं की खाज दुप्पट उसळते, तेच झालेलं. "दादा, पाया पडतो, एकच द्या, परवा टेस्ट आहे." रात्रीची गोळी घेतोस का विचारलं तर म्हणे नाही, झोप येते, अभ्यास राहतो! चिडलो, मग पायरीवर बसवलं, थंड पाण्यानं भिजवलेला रुमाल दिला, म्हटलं दाबून धर, खाजवू नको. अर्धा तास बसला. वर रूममेटांची उणीदुणी काढली, टॉवेल म्हणे एकच, पाच जणांत.

जाताना विचारलं, "त्या रेघा जातील ना? फिजिकलला शॉर्ट घालावी लागते."

म्हटलं रंग फिकट होईल, पुसल्या जाणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच खोलीतला एक आला. म्हणाला, "दादा, ती निळ्या झाकणाची."